सरळ जा, वळू नका

"केस सोपी आहे, मॅडम," फोनवरचा साहेब म्हणाला. "वैमानिकाने कबूल केलंय. टॉवरने सांगितलं ते त्याला नीट कळलं नाही. गैरसमज झाला. तुम्ही जायचं, जबाब घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं."

"मेलेल्या बाईचं नाव काय?" उनाइसीने विचारलं.

"अं... नर्स होती. नाव बघून सांगतो."

"बघा. तोवर मी विमान पकडते."

तिने फोन ठेवला नाही, आपटला.

उनाइसी कोरोईताना ही विमान अपघातांची चौकशी करायची. त्याआधी तिने अर्धं आयुष्य टॉवरमध्ये बसून विमानं सोडण्यात घालवलं होतं. ती भडकून ओरडणाऱ्यांतली नव्हती. तिचा राग चुलीतल्या निखाऱ्यासारखा, वरून राख आणि आत धग. त्या दिवशी मात्र राखही उरली नव्हती. 'गैरसमज' हा शब्द तिने असल्या चौकश्यांत फार वेळा ऐकला होता. भिंतीवरच्या डागावर कॅलेंडर टांगावं तसा लोक तो टांगत.

वाइलोमाची धावपट्टी डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखी आहे. सुटणाऱ्या विमानाच्या डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र. रोजची विमानं सुटली की उजवीकडे वळतात आणि समुद्रावरून राजधानीची, सुवाची वाट धरतात. काल सकाळी मात्र समुद्राकडून रुग्णविमान येत होतं. त्यात दूरच्या बेटावरचं एक तान्हं बाळ होतं आणि आकाता नावाची नर्स होती. म्हणून टॉवरने कॅप्टन विलिकेसाच्या नऊ आसनी विमानाला वेगळा हुकूम दिला: सरळ जा, सांगेपर्यंत वळू नका.

विलिकेसा सुटला आणि नेहमीसारखा उजवीकडे वळला.

ढगातून बाहेर आला तर समोर रुग्णविमान. त्याच्या वैमानिकाने जीव खाऊन विमानाचं नाक खाली दाबलं, म्हणून टक्कर वाचली. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. बाळ पट्ट्यांनी बांधलेलं होतं, ते जगलं. आकाता बाळाची नळी धरायला आपला पट्टा सोडून उभी राहिली होती. ती छताला आपटली आणि तिची मान मोडली.

उनाइसी वाइलोमाला उतरली ती सरळ टॉवरच्या जिन्याने वर गेली.

काल टॉवरमध्ये ड्युटीवर होती ती प्रणिता लाल. तिचे डोळे रडून सुजले होते. समोर रोटी-भाजीची पुडी तशीच बांधलेली पडली होती.

"दीदी, मी सगळं नियमाने केलं," ती उनाइसीला बघताच म्हणाली. "मी हुकूम दिला, त्याने शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवला. आणखी काय करायला हवं होतं मी?"

"ते नंतर. टेप लाव."

टेप खरखरली. आधी प्रणिताचा आवाज, मग एका पुरुषाचा. "सरळ जाणार. सांगेपर्यंत वळणार नाही. तीन हजार फुटांपर्यंत चढणार." शेवटी विमानाचं सांकेतिक नाव, आणि बटण सुटल्याचा खट्‌ आवाज.

मागे कुठेतरी बायका गात होत्या. तीन सुरांत, संथ.

"हे गाणं कसलं?"

"चर्चच्या बायका. म्हातारे पाद्री कायमचे गावी निघाले होते, दुसऱ्या विमानाने. त्यांना निरोप द्यायला अख्खा व्हरांडा भरला होता. एकच गाणं म्हटलं, मग नुसती रडारड."

"पुढचं लाव."

पुढच्या तुकड्यात विमानाच्या पंख्यांची घरघर होती. घोगरा आवाज म्हणाला, "परवानगी मिळालेली आहे, धावपट्टीकडे निघतो. विनाका." आणि थोड्या वेळाने, "उडतो. विनाका."

प्रणिता इतक्या दुःखातही किंचित हसली. "हा विलिकेसा. प्रत्येक वाक्याला 'धन्यवाद'ची शेपटी लावल्याशिवाय त्याला करमत नाही. टॉवरमध्ये सगळे त्याला कॅप्टन विनाकाच म्हणतात."

"उडायच्या वेळी तू हुकूम पुन्हा नाही सांगितलास?"

"त्याने एकदा परत म्हटला होता ना. मग कशाला—" ती थांबली. डोळे पुन्हा भरले.

"रडू नकोस," उनाइसी कडक आवाजात म्हणाली. "पहिला तुकडा परत लाव."

तो तिने पुन्हा पुन्हा ऐकला.

*

विलिकेसाच्या घरी चटईवर बसायला जागा झाली. बायकोने, सेनिमिलीने, चहा आणि उकडलेले कसाव्याचे कंद पुढे ठेवले. विलिकेसा पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा गडी. त्याचा जिल्हा आणि उनाइसीचा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या थट्टेच्या नात्यातले. एरवी तिला बघून तो म्हणाला असता, 'आल्या बघा चिखलातल्या खेकडेखाऊ, भांडी लपवा!' आणि तिनेही त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

आज त्याने मान वर केली नाही.

"तुला टॉवरकडून काय ऐकू आलं?" उनाइसीने विचारलं.

"सरळ जा. सांगेपर्यंत वळू नका. तीन हजार फुटांपर्यंत चढा."

"आणि तुला काय समजलं?"

"उजवीकडे वळ, असं."

"ऐकलंस 'सरळ जा' आणि समजलास 'उजवीकडे वळ'?"

"हो. गैरसमज झाला."

"उत्तर दिलंस तेव्हा इंजिनं चालू होती की बंद?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "चालू."

"नक्की?"

"म्हणजे... चालूच. चालूच असणार."

"असणार? तू आत बसला होतास की मी?"

सेनिमिलीला राहवलं नाही. "मॅडम, चूक मान्य केली की सांभाळून घेतात ना? थोडे महिने घरी बसवतात, पण लायसन्स राहतं ना?"

"असं कोण म्हणालं?"

"सेनिमिली," विलिकेसा खालच्या आवाजात म्हणाला, "चहा गार झालाय. दुसरा आण."

उनाइसी उठली. दारात तिने चपला घातल्या. खोटं ऐकायची तिला सवय होती. पण इतका मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा पाठ केलेला धडा म्हणतो, हे तिला बघवलं नाही.

"आकाताला ओळखायचास?" तिने वळून विचारलं.

"माझ्या धाकट्याला गोवर झाला तेव्हा तिनेच..." त्याने तोंड फिरवलं.

"मग लाज वाटू दे," ती म्हणाली आणि निघाली.

*

कंपनीचं ऑफिस विमानतळाच्या व्हरांड्याला लागूनच होतं. खिडकी व्हरांड्यात उघडायची. तिच्यातून समोरचं सगळं आवार दिसायचं, पार टोकाच्या पेट्रोलच्या टाकीपर्यंत. टेबलावर फोन, पंखा आणि एक जुना रेडिओ सेट. सेटच्या माइकची वेटोळ्यांची वायर ताणून ताणून सैल पडली होती.

उड्डाण व्यवस्थापक ग्रॅहम टेंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पूर्वी स्वतः विमान चालवायचा, आता खुर्ची चालवत होता.

"विली भला माणूस हो," तो म्हणाला. "पण वय झालं. हात सवयीने वळले. तुम्हाला सांगतो, इथली माणसं सगळी सवयीवरच चालतात."

"मीही इथलीच."

"अहो, मी तसं नाही म्हणालो."

"तसंच म्हणालात. पुढे चला. विमान व्हरांड्यासमोर का नव्हतं?"

"पावसाचं पाणी तुंबलं होतं. पेट्रोलच्या टाकीपाशी लावलं होतं. प्रवासी चालत गेले."

"टॉवरने हुकूम दिला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. फोनवर फोन. चर्चवाल्यांच्या गर्दीत दुसऱ्या विमानाचे प्रवासी अडकले होते. एक निस्तरावं तर दुसरं."

"मग विलिकेसाचं विमान उशिरा सुटलं असेल."

टेंचने छाती काढली. "माझी विमानं उशिरा सुटत नाहीत. विचारा कोणालाही."

"हा रेडिओ कशाला?"

"नुसता ऐकायला. कुठलं विमान कुठवर आलं ते कळतं."

"नुसता ऐकायला," उनाइसी म्हणाली. तिने वायरीकडे एकदा पाहिलं आणि बाहेर पडली.

विलिकेसाच्या विमानातल्या प्रवाशांपैकी तोरिका नावाची शिक्षिका अजून गावातच होती. भाचीच्या लग्नाला निघाली होती ती. विणलेल्या चटयांच्या गुंडाळ्या तिच्या ओसरीवर तशाच पडल्या होत्या.

"आता बोटीने जाईन," ती म्हणाली. "विमानाचं नाव काढू नका माझ्यासमोर."

"तुम्ही चढलात तेव्हा कॅप्टन काय करत होता?"

"हमाली! ढग भरून आलेले, वर या एवढ्या चटया. तो शेपटाकडच्या खणात अर्धा आत शिरून एकेक रचत होता. वाऱ्यावर त्या बायकांचं गाणं येत होतं, तर हा आतून सूर लावतोय. मी म्हटलं, अरे बाबा, गाणं चर्चमध्ये म्हण, आधी माझ्या चटया झाक!"

"गाणं संपेपर्यंत तो खणातच होता?"

"संपलं तरी होता. मीच खालून चटया देत होते ना. मग उतरला, हात पुसले, ऑफिसकडे बघून हात उंचावला आणि पुढे जाऊन बसला. त्यानंतर पंखे फिरायला लागले."

उनाइसीने डोळे मिटून घेतले.

"बाई, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"नको," ती म्हणाली. "मला फार राग आलाय, एवढंच."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना टेंचच्याच ऑफिसात बोलावलं. गावचा इन्स्पेक्टर दाराशी उभा राहिला. विलिकेसा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. टेंच स्वतःच्या खुर्चीत.

"हे लवकर आटपेल ना?" त्याने घड्याळाकडे पाहत विचारलं.

"आटपेल. आकाताचं आटपलं तितकं लवकर नाही."

तिने टेप लावली. प्रणिताचा आवाज, पुरुषाचा आवाज, मागे बायकांचं गाणं. मग दुसरा तुकडा. घरघर, घोगरा आवाज, विनाका.

"आता ऐका," उनाइसी म्हणाली. "कालपासून सगळे मला एकच शब्द ऐकवताहेत, गैरसमज. विलिकेसाही तेच म्हणाला. मी त्याला विचारलं, काय ऐकलंस? त्याने टॉवरचे शब्द काना-मात्रेसकट म्हणून दाखवले. इथेच मला खटकलं. चुकीचं ऐकणाऱ्याच्या डोक्यात चुकीचे शब्द राहतात. याच्या तोंडी मात्र बरोबर शब्द होते. म्हणजे ते याला मागाहून कोणीतरी शिकवले."

टेंच हसला. "ही काय चौकशी? हे तर्क झाले."

"थांबा. तो म्हणाला, उत्तर देताना इंजिनं चालू होती. टेपवर इंजिनाचा आवाज नाही, गाण्याचा आहे. गाणं एकदाच झालं, या तुमच्या खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात. आणि विमान होतं आवाराच्या दुसऱ्या टोकाला."

"वाऱ्याने गेला असेल आवाज. खिडकी उघडी असेल विमानाची."

"असेल. पण आत बोलणारा कोण होता? गाणं चालू असताना विलिकेसा शेपटाकडच्या खणात तोरिकाबाईंच्या चटया रचत होता. गाणं संपलं तरी तिथेच होता. बाई शपथेवर सांगायला तयार आहेत. आता तो आवाज पुन्हा आठवा. सगळा हुकूम परत म्हटला, विमानाचं नाव सांगितलं, आणि बटण सोडलं. विनाका कुठे आहे? हा माणूस उडायच्या घाईतही विनाका विसरत नाही. ज्याने उत्तर दिलं त्याला ही सवय नव्हती."

इन्स्पेक्टरने विलिकेसाकडे पाहिलं.

"गैरसमज व्हायला आधी शब्द कानावर पडावा लागतो," उनाइसीचा आवाज चढला. "याच्या कानावर शब्द पडलाच नाही! त्याच्या नावाने दुसराच कोणी 'हो' म्हणाला. ज्याला वैमानिकाची भाषा येते. जो गाण्यापासून हातभर अंतरावर होता. ज्याची विमानं उशिरा सुटत नाहीत."

टेंच उठला. "तो सेट नुसता ऐकायला आहे. मी काल सांगितलं तुम्हाला."

"सांगितलंत खरं."

तिने टेबलावरचा माइक उचलला. सैल वायर सळसळत तिच्यामागे आली. तिने बटण दाबलं.

"टॉवर, कंपनीच्या ऑफिसातून बोलतेय. ऐकू येतंय?"

क्षणभर खरखर. मग प्रणिताचा आवाज, इतका स्पष्ट की इन्स्पेक्टरही दचकला.

"येतंय, दीदी. अगदी परवासारखंच."

टेंच पुन्हा खुर्चीत बसला.

कोपऱ्यातून विलिकेसा बोलायला लागला, जमिनीकडे बघत. "वर्षभर असंच चाललंय. मी सामान भरायचो, हा इथून परवानगी घ्यायचा. खिडकीतून अंगठा वर केला की नेहमीची वाट. मी उलट हात वर केला की 'समजलं' असा अर्थ. काही वेगळं असलं तर धावत येऊन सांगायचं, असं ठरलं होतं. परवा त्याने अंगठा वर केला."

"वेगळं होतं, मग अंगठा का वर केलात?" उनाइसीने टेंचला विचारलं.

"मी येणारच होतो सांगायला. निघालोच होतो. फोन वाजला."

"फोन वाजला."

"दोन मिनिटांचं काम होतं. म्हटलं, धावपट्टीवर टॉवर परत सांगेलच."

"टॉवर म्हणाला, त्याने एकदा परत म्हटलंय. तुम्ही म्हणालात, टॉवर परत सांगेल. हा म्हणाला, अंगठा दाखवलाय. तिघं एकमेकांच्या भरवशावर, आणि छताला डोकं आपटलं ते आकाताचं!" तिने टेबलावर हात आपटला. "तुम्ही एवढ्यावर थांबला असतात तरी मी म्हटलं असतं, बेफिकीर माणूस. पण तुम्ही याच्या घरी जाऊन याला पढवलंत. नाहीतर 'चूक मान्य केली की सांभाळून घेतात' हे याच्या बायकोला कोण सांगणार?"

उत्तर विलिकेसाने दिलं.

"त्याच संध्याकाळी आला. म्हणाला, टेपवर आवाज तुझाच समजतील. गैरसमज म्हण, थोडे महिने घरी बसशील. खरं सांगितलंस तर स्वतः परवानगी न घेता उडालास म्हणून जन्मभर बसशील. आणि मग माझ्याकडून ते शब्द पाठ करून घेतले."

"टेंच," दाराशी उभा इन्स्पेक्टर म्हणाला, "चला."

"माझा वकील—"

"तो ठाण्यावर येऊ दे. तुम्ही आधी उठा."

त्याला घेऊन गेले. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं जमली होती. कोणी ओरडलं नाही. सगळे बाजूला सरकले आणि त्याला मधून जाऊ दिलं. ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं.

विलिकेसा उठायला लागला.

"तू बस," उनाइसी म्हणाली. "तू सुटलास असं वाटतंय का तुला?"

"नाही."

"वर्षभर दुसऱ्याच्या अंगठ्यावर माणसं उडवलीस. टॉवरला एकदा विचारायला किती वेळ लागतो? मी सांगते, एक श्वास लागतो. आणि वर दोन दिवस खोटं बोललास. तुझं लायसन्स जाणार. जावं अशी मी स्वतः शिफारस करणार आहे. प्रणितालाही मी सोडणार नाही, तिने एकदा जास्त बोलायला हवं होतं."

"जाऊ दे लायसन्स," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "मला आकाताच्या गावी जायचंय. क्षमा मागायला. एकट्याने पाय उचलत नाही. तू येशील?"

"तुला क्षमा मिळवून द्यायला मी येणार नाही."

"नको मिळवून देऊस. नुसती ये."

उनाइसीने टेप काढून पिशवीत घातली. दार बंद केलं.

"गाडी काढ," ती म्हणाली.

आकाताचं गाव किनाऱ्याला होतं. अंगणात मयताचा मांडव अजून उभा होता. आई चटईवर बसली होती, भोवती बायका. विलिकेसा दाराबाहेरच गुडघ्यावर बसला आणि रीतीप्रमाणे क्षमा मागताना द्यायचा देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरून पुढे सरकला. त्याने तोंड उघडलं, पण गावातला एक म्हातारा त्याच्या वतीने क्षमेचे ठरलेले शब्द म्हणायला पुढे झाला. तशी रीतच आहे.

आईने हात वर करून म्हाताऱ्याला थांबवलं.

"तू नको," ती म्हणाली. मग विलिकेसाकडे वळली. दात तिने घेतला नाही. "ते असू दे खाली. क्षमेचं मी मग बघीन. माझ्या पोरीचं काय झालं ते आधी सांग. सगळं. तुझ्या तोंडाने."

विलिकेसाने दात चटईवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.